सही तर केली, पण विचारायचं राहून गेलं

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या 46 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात असं: गेलं दीड वर्ष पाळीत खूप रक्त जातं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या, हिमोग्लोबिन 8 वर आलं. खासगी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितलं. दीनदयाल या सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर मंजुरी आली. सासूबाईंनी कौल घ्यायला ग्रामदेवीला फुलाची पाकळी लावली, ती उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. नवऱ्याने फॉर्मवर सही केली, त्याच्या खाली यांनी. फॉर्म इंग्रजीत होता आणि मधल्या दोन ओळी कोऱ्या होत्या. ऑपरेशन चवथ झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात आहे. "सही करून आल्यापासून मला झोप नाही," त्या लिहितात. "भुलीतून उठलेच नाही तर? आत आणखी काय काय काढतील? यजमान म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं, डॉक्टर बघतील. जाऊ म्हणते, मुलं मोठी झाली, आता पिशवी काय कामाची? सही केल्यावर मागे फिरता येतं का? आता विचारायला गेले तर डॉक्टरांना राग येईल का? एवढ्या बायका निमूट ऑपरेशन करून घेतात, मग मीच भित्री आहे का?"

ताई,

"सही केल्यावर मागे फिरता येतं का" या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, म्हणून ते आधी देते. येतं. सही केल्यावरही, ॲडमिट झाल्यावरही, थिएटरच्या दारात ट्रॉलीवर असतानाही, शुद्धीवर असलेली सज्ञान व्यक्ती "थांबा" म्हणू शकते. तो फॉर्म म्हणजे तुम्ही डॉक्टरांना दिलेली परवानगी आहे, आणि ती परत घ्यायला कोणाची मंजुरी लागत नाही. पुष्कळ जण उलट बाजूनेही घाबरतात, की सही केली म्हणजे आता काहीही झालं तरी बोलायची सोय नाही. तसंही नाही. उपचारात हलगर्जीपणा झाला तर "तुम्ही सही केली होती" एवढ्यावर हॉस्पिटलला सुटता येत नाही.

मी डॉक्टर नाही. पिशवी काढावी की ठेवावी हे मी सांगणार नाही, आणि चुकून सांगितलंच तर तुम्ही मनावर घेऊ नका. पण तुमच्या पत्रात ऑपरेशनपेक्षा वेगळीच एक अडचण मला दिसते, तिच्याविषयी बोलण्याइतकं मला नक्की कळतं.

या ऑपरेशनसाठी कोणाकोणाला विचारलं गेलं ते पाहा. योजनेला विचारलं, त्यांनी मंजुरी दिली. नवऱ्याला विचारलं, त्यांनी सही दिली. देवीला विचारलं, तिने उजवा प्रसाद दिला. तुम्हाला फक्त सही कुठे करायची ते दाखवलं. सासूबाईंनी पाकळी लावली याला मी अजिबात हसणार नाही. आपल्याकडे मोठं काम काढायचं तर देवाला विचारूनच, आणि सुनेच्या ऑपरेशनसाठी सासू देवीपुढे उभी राहते यात मायाच आहे. पण पाकळी लावताना काय करतात ते आठवा. भटजी देवीपुढे आधी गाऱ्हाणं घालतात. कोणाचं काम आहे, काय करायचं आहे, कधी करायचं आहे, हे सगळं स्पष्ट उच्चारतात आणि मग कौल मागतात. मोघम प्रश्नाला कौल मागायची पद्धत नाही. देवीला मिळाला तेवढा नेमका प्रश्नसुद्धा तुमच्यापर्यंत पोचला नाही. झोप उडाली यात नवल काय?

म्हणून भित्रेपणाचं आधी बोलू. ऑपरेशनआधी भीती वाटणं इतकं सर्रास आहे की ती मोजायला डॉक्टरांनी प्रश्नावल्या केल्या आहेत. त्यातली एक 1996 मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झाली आणि आजही जगभर वापरतात. तिच्यात सहाच वाक्यं आहेत आणि प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. मला तिची मांडणी आवडते. भुलीची भीती आणि ऑपरेशनची भीती तिने वेगळी धरली आहे. आणि सहापैकी दोन वाक्यं भीतीबद्दल नाहीतच, ती "मला याची जास्तीत जास्त माहिती हवी आहे" या इच्छेबद्दल आहेत. म्हणजे भीती किती आणि माहितीची भूक किती, हे दोन निराळे आकडे येतात.

तुमचं पत्र या चाळणीतून काढलं तर काय निघतं? "भुलीतून उठलेच नाही तर" ही भुलीची भीती. "आत आणखी काय काय काढतील" ही भीती म्हणून लिहिली असली तरी तो साधा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका माणसाकडे तयार आहे. ते उत्तर मिळालं तर त्या भीतीचा मोठा भाग जाईल. सगळी भीती जाईल असं वचन मात्र मी देत नाही. सगळं समजूनही आदल्या रात्री पोटात गोळा येतोच. तो आला म्हणजे निर्णय चुकला असं धरू नका.

इथे तुमच्यासारख्याच पण उलट स्वभावाच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. काहींना तपशील ऐकला की धडधड वाढते. "डॉक्टर, मला सगळं सांगू नका, माझ्या मुलीला सांगा, ती ठरवेल त्याला माझी हरकत नाही" असं म्हणणारी माणसं असतात, आणि तोही त्यांनी स्वतः घेतलेला निर्णयच आहे. फक्त तसं रुग्णाने म्हणायला हवं. घरच्यांनी परस्पर "तिला काही सांगू नका, ती घाबरेल" असं डॉक्टरांच्या कानात सांगायचं आणि रुग्णाने भिंतीपलीकडून अर्धवट ऐकायचं, यातून भीती कमी झालेली मी कधी पाहिली नाही.

आता कायद्याकडे वळते, कारण तुमच्या यजमानांना माझ्या बोलण्यापेक्षा त्याचं वजन वाटेल. 16 जानेवारी 2008 ला सुप्रीम कोर्टाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. एका 44 वर्षांच्या बाईंनी दुर्बिणीतून फक्त तपासणी करायला संमती दिली होती. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय, नळ्या सगळं काढलं. कोर्टाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आहे, तिच्या जिवाला त्या क्षणी धोका नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. मग आईची संमती चालणार नाही. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं कोर्ट म्हणालं नाही. तरीही फी नाकारली आणि 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम किरकोळ आहे, पण त्या निकालात डॉक्टरांनी रुग्णाला काय सांगायचं ते लिहून ठेवलं आहे: उपचार काय आणि कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय आहेत का, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल. हजारात एखाद्याला होणारी प्रत्येक दुर्मीळ गुंतागुंत वाचून दाखवायची गरज नाही, असंही कोर्टाने म्हटलं आहे आणि ते मला रास्त वाटतं. भीती घालून पळवून लावणं हेही माहिती देणं नव्हे.

एका कामाला दिलेली परवानगी दुसऱ्या कामाला लागू होत नाही, हाही त्याच निकालाचा भाग आहे. अपवाद एकच: जीव वाचवायला किंवा मोठी हानी टाळायला ते तिथल्या तिथे करणं भाग असेल तर. म्हणून तुमच्या फॉर्मवरच्या त्या दोन कोऱ्या ओळी मला सर्वात जास्त खुपतात. त्या भरलेल्या पाहिल्याशिवाय ऑपरेशनला जाऊ नका. फॉर्म परत मागा, त्यात नेमकं काय काढणार ते लिहून घ्या आणि त्याखाली पुन्हा सही करा. यात भांडण नाही. चांगल्या डॉक्टरांना हे त्यांच्याही सोयीचं असतं, पुढे वाद झाला तर तोच कागद त्यांना वाचवतो.

नवऱ्याच्या सहीचंही सांगते, कारण यावरून बऱ्याच घरांत गैरसमज असतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत असं आहे की ज्या ऑपरेशनने मूल होण्याची शक्यता संपते त्याला पती-पत्नी दोघांची संमती घ्यावी. तुमच्या यजमानांची सही बहुधा यासाठीच घेतली असेल. हा नियम मला व्यक्तिशः पटत नाही, पण आहे तो आहे. तरी नीट वाचा, "दोघांची" असं आहे. त्यांची सही तुमच्या सहीच्या जोडीला आहे, तुमच्या बदल्यात नाही.

आणि भाषा. गोव्यात 1987 च्या राजभाषा कायद्यावरून आपण काय काय पाहिलं! कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात जागा मिळाली, आणि त्यावरचे वाद अजून चहाच्या टेबलावर रंगतात. पण माणसाच्या पोटाला चिरा देण्याच्या परवानगीचा कागद कोणत्या भाषेत असावा यावर आपण कधी गळा काढलेला आठवत नाही. मी पाहिलेले बहुतेक फॉर्म इंग्रजीतच होते. मराठी फॉर्म मागून पाहा. नसेल तर वाचून समजावायला सांगा. घरी आपण बोलतो तसं बोला, "दोतोर, म्हाका मातशें समजावन सांगात." गोव्यातल्या बहुतेक डॉक्टरांना हे कळतं, आणि इंग्रजी सुटून कोकणीवर आलं की त्यांचंही बोलणं सोपं होतं.

तुमचा दुसरा प्रश्न डॉक्टरांच्या रागाचा. यामागे एक समजूत आहे, की विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मला ती उलटी वाटते. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला आपण विचारत नाही, सरळ दुसरीकडे जातो. राग येणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. ओपीडीत बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना विचारलंत तर घाई होईल, आवाज चढेलही. म्हणून वेळ मागून जा. रिसेप्शनवर फोन करून सांगा, "ऑपरेशनचं बोलायचं आहे, दहा मिनिटं हवीत, गर्दी नसेल तेव्हा येते." प्रश्न मराठीत कागदावर लिहून न्या. बरोबर एक माणूस न्या, आणि इथे मी थोडी चावट सूचना करते, यजमानांनाच न्या. "तुला काय कळतं" म्हणण्याआधी त्यांना स्वतःला किती कळलं आहे ते त्यांनाही उमगेल. ते टाळत असतील तर मुलीला, बहिणीला न्या. उत्तरं लिहून घ्यायचं काम त्या माणसाचं. घाबरलेल्या माणसाला बाहेर आल्यावर निम्मं आठवत नाही, हे कोणत्याही नर्सला विचारा.

काय विचारायचं? इथे जरा रेंगाळते, कारण "सगळं नीट सांगा" एवढं म्हटलं तर "काळजी करू नका" एवढंच उत्तर मिळतं.

पहिला प्रश्न गाठींचा. त्या कुठे आहेत, किती मोठ्या आहेत, आणि रक्त जाण्याचं कारण त्याच आहेत हे कशावरून? या गाठी बहुतांशी कॅन्सरच्या नसतात, आणि पाळी कायमची गेल्यावर साधारणपणे आकसतात. तुमचं वय 46 आहे, म्हणून "पाळी जाईपर्यंत औषधांवर काढता येईल का?" हा तुमच्यासाठी खरा प्रश्न आहे. रक्त कमी करायची औषधं आहेत. हळूहळू हार्मोन सोडणारी, गर्भाशयात बसवायची कॉपर-टीसारखी वस्तू आहे. नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवता येते, पण गाठी पुन्हा होऊ शकतात. गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचा उपाय आहे, तो सगळीकडे होत नाही. यातला प्रत्येक उपाय प्रत्येकीला लागू पडतो असं नाही. गाठ नको त्या जागी असेल तर ती वस्तू टिकत नाही, गाठ फार मोठी असेल तर औषध पुरत नाही. म्हणून विचारायचं ते असं: "यातलं काय माझ्यासाठी चालेल, आणि जे चालणार नाही ते का?" या "का"चं उत्तर ऐकलंत की डॉक्टरांनी विचार करून पिशवीचं सांगितलं आहे की सवयीने, हे तुम्हाला कळेल. कदाचित त्यांनी खरंच सगळा विचार केला असेल आणि फक्त बोलून दाखवायचं राहिलं असेल. असं फार वेळा असतं.

दुसरा प्रश्न, नेमकं काय काढणार? नुसती पिशवी, की तिचं तोंडही? नळ्या? अंडाशय ठेवणार की काढणार? हा शेवटचा सर्वात महत्त्वाचा. पाळी चालू असलेल्या बाईचे दोन्ही अंडाशय काढले तर ज्या बदलांना शरीर एरवी काही वर्षं घेतं ते एकदम येतात: अंगातून वाफा, झोप जाणं, पुढे हाडं ठिसूळ होण्याचा धोका. अंडाशयात आजार असेल किंवा घरात त्या कॅन्सरचा इतिहास असेल तर काढायला सबळ कारण असतं. निरोगी असतील तर "राहू दे" हा तुमचा पर्याय आहे. "आत उघडल्यावर काही वेगळं दिसलं तर काय कराल?" हेही आत्ताच विचारा आणि त्याचं उत्तर फॉर्मवर चढवा. तुमच्या जाऊबाईंना सांगा, पिशवी कामाची की बिनकामाची हा वाद ठेवू बाजूला, पण तिच्या शेजारचे अवयव कामाचे आहेत. उलट, पिशवी काढली म्हणजे बाईपण संपलं असं कोणी घाबरवत असेल तर तेही ऐकू नका. अंडाशय राहिले तर हार्मोन तयार होत राहतात. पाळीच्या त्रासातून सुटून पुष्कळ जणींना बरं वाटतं. या ऑपरेशनचा मोठा गुणही हाच, या गाठी आणि हे रक्त जाणं दोन्ही कायमचं संपतं.

तिसरा प्रश्न, कसं करणार? पोटावर चिरा देऊन, खालून, की दुर्बिणीतून, आणि माझ्यासाठी हेच का? मग धोके. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा, पायात रक्ताची गुठळी. हे शब्द कागदावर वाचून छाती दडपते, म्हणून "तुमच्या हाताखाली हे कितपत होतं आणि झालं तर इथे काय सोय आहे, की बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात न्यावं लागेल?" असं विचारा. हा प्रश्न उद्धट नाही. घरी परतल्यावर किती आठवडे वजन उचलायचं नाही, विहिरीवरून पाणी कोण आणणार, हेही तिथेच यजमानांसमोर विचारून घ्या. डॉक्टरांच्या तोंडून आलेलं घरात जास्त टिकतं.

भुलीचं बोलणं सर्जनशी नको, भूलतज्ज्ञांशी करा. ऑपरेशनआधी त्यांची वेगळी तपासणी असते. ती केवळ सोपस्कार म्हणून उरकू देऊ नका. निरोगी माणूस नियोजित ऑपरेशनमध्ये निव्वळ भुलीमुळे दगावणं फार दुर्मीळ आहे. शेजारपाजारच्या गोष्टींमध्ये मूळ आजार, भूल आणि नशीब सगळं एकत्र शिजलेलं असतं. पण तुमचं हिमोग्लोबिन 8 आहे आणि बाईचं 12 च्या खाली असलं तर रक्त कमी धरतात, तेव्हा "आधी माझं रक्त वाढवणार का? लोहाने की रक्त देऊन?" हे जरूर विचारा. कंबरेत सुई देऊन की पूर्ण भूल, तेही विचारा. आणि त्यांना तुम्ही सांगायच्या गोष्टी सांगा: दमा, रक्तदाब, कोणत्या औषधाने पुरळ, हलणारे दात, गावच्या वैद्याचा काढा, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला असेल तर तो. काढ्याचं लपवू नका, कोणी रागावणार नाही.

थिएटरमधल्या काही गोष्टींची कारणं कळली की त्या भिववत नाहीत. उपाशी ठेवतात ते भुलीत उलटी होऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून. साधारण नियम हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास असा आहे, पण तुमचं हॉस्पिटल सांगेल तेच पाळा. नेलपॉलिश काढायला लावतात, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्यामुळे चुकू शकतं. मंगळसूत्र आणि बांगड्या काढतात, कारण रक्त थांबवायला विजेवर चालणारं यंत्र वापरतात आणि धातूपाशी भाजण्याची शक्यता असते. सासूबाईंना हे कारण सांगितलंत तर अपशकुनाची चर्चा लांबणार नाही. आणि आत तुम्हाला पुन्हा पुन्हा नाव विचारतील, "कसलं ऑपरेशन?" म्हणून विचारतील. तेव्हा "यांना माहीतच नाही की काय!" असं वाटून घाम फोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनच्या सुरक्षिततेची 19 मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी रुग्णाच्या तोंडून नाव, ऑपरेशन आणि संमती पक्की करून घेणं हे तिच्यात अगदी सुरुवातीला आहे. कोणी विचारलंच नाही तर मात्र तुम्हीच सांगा.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का? तुमच्याकडे वेळ आहे, तेव्हा मी तरी घेईन. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजची ओपीडी आहे, म्हापशाला जिल्हा रुग्णालय आहे. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, आधीच्या चिठ्ठ्या घेऊन जा. हॉस्पिटलातले कागद तुमचे आहेत, मागितल्यापासून 72 तासांत देण्याचं बंधन आहे. दुसरं मत पहिल्यासारखंच निघालं तर वेळ फुकट गेला असं वाटून घेऊ नका, तीच तर खात्री हवी होती. देशात काही ठिकाणी गरज नसताना पिशव्या काढल्या गेल्या. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं आहे. तुमच्या डॉक्टरांवर हा संशय नाही. दुसरं मत मागणं हे आता आगाऊपणाचं राहिलेलं नाही, एवढ्यासाठीच हे लिहिलं.

दीनदयाल कार्डाचंही मनातून काढा. 2016 पासूनच्या या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मंजुरी म्हणजे खर्च कोण देणार ते ठरलं, ऑपरेशन करायलाच हवं असं ठरलं नाही. तारीख बदलली तर मंजुरीचं काय, हे हॉस्पिटलच्या काउंटरवर आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे "कार्ड वाया जाईल" हा धाक उरणार नाही.

यजमानांशी बोलताना कायदा पुढे करू नका, तो मागे असू द्या. "मला ऑपरेशन नको" आणि "मला अजून समजलं नाही" यातलं दुसरं वाक्य म्हणा, कारण तुमच्या पत्रावरून तेच खरं आहे. "तुला काय कळतं" म्हणणारे नवरे बरेचदा स्वतःच घाबरलेले असतात आणि लवकर उरकलं की सुटलो असं त्यांना वाटत असतं. त्यांना विचारून पाहा, तुम्हाला कसली भीती वाटते?

झोपेचं मात्र थांबवून ठेवू नका. रात्रीच्या रात्री जागून जात असतील, छातीत धडधड होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. 14416 वर टेली-मानसची मोफत मदत चोवीस तास मिळते, तिथे बोलता येईल.

हे सगळं विचारून झाल्यावर तुमच्यापुढे तीन वाटा असतील: ठरल्या तारखेला ऑपरेशन, थोडं थांबून दुसरं मत, किंवा दुसरा उपचार. पहिली निवडलीत तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. दीड वर्ष रक्त जाणाऱ्या, 8 हिमोग्लोबिनच्या बाईला ते योग्यही असू शकतं. थांबायचं ठरवलंत तर नुसतं थांबू नका. किती दिवस, कोणत्या गोळ्यांवर, पुढची तपासणी कधी, आणि काय झालं तर ताबडतोब यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ताशी एक पॅड भिजू लागलं आणि ते काही तास चाललं, चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर तारखेची वाट न पाहता 108 ला फोन करा. तेव्हा कोणाला विचारत बसायचं नाही.